आम्ही मिटवलेले तंटे

तंटामुक्त गाव समितीचा अध्यक्ष असताना मी जे तंटे मिटवले, त्यांतले बरेचसे फक्त वहीत मिटले. हे कळायला मला पुष्कळ वर्षं गेली, आणि कळलं तेही स्वतःच्या अकलेनं नव्हे. दोन-तीन बायांनी तोंडावर सांगितलं म्हणून. बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाला जी गावं लागतात, त्यांतलं एक आमचं. नाव लिहीत नाही. चुका माझ्या आहेत, आणि त्या ज्यांना भोगाव्या लागल्या त्यांना अजून त्याच गावात दिवस काढायचेत.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. हातभर बांधासाठी दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालतात, वकिलाच्या फीपायी म्हैस विकतात, आणि शेवटी निकाल लागतो तेव्हा बांध कुठला हेच कुणाला आठवत नाही. त्यापेक्षा गावातच बसून मिटवावं. ग्रामसभेनं समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी असे तंटे वेगवेगळे नोंदवायचे, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोडनामा करायचा. वर्षाअखेर मूल्यमापन. एकूण गुण २००. गाव पात्र ठरलं तर लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस.

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलेलं. माझं नाव पुढं आलं तेव्हा कुणी विरोध केला नाही. 'गुरुजी छडी घेऊन बसले की भांडणं आपोआप मिटत्याल,' असं मागून एक जण म्हणाला, सगळे हसले, मीही हसलो. त्यानं माझा स्वभाव बरोबर ओळखला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिलेल्या माणसाला आता स्वतः गुण मिळवायचे होते, आणि ती हाव फार वाईट. पोलीस पाटील वहीत एक तंटा 'मिटला' असं लिहायचे, की मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटायचं.

समितीत बायका हव्यात, असं शासननिर्णयातच होतं. आम्ही घेतल्या. एक ग्रामपंचायत सदस्य, एक अंगणवाडी सेविका, एक बचत गटाची अध्यक्ष, आणखी दोन नावं कुणाकुणाच्या घरातली. यादी झकास झाली. बैठक मात्र मारुतीच्या देवळापुढच्या पारावर, रात्री आठनंतर. त्या वेळी बायकांच्या भाकरी चुलीवर असतात, आणि त्या पारावर बाई बसल्याचं मी लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण बैठकीची वेळ आणि जागा कधी कुणी ठरवलीच नाही. ती आधीपासून तशीच होती. सभा उरकली की शिपाई वही घेऊन घरोघर जायचा आणि बायकांच्या सह्या आणायचा. बचत गटाच्या अध्यक्षबाई एकदा वही हातात घेऊन वाचायला लागल्या, तेव्हा शिपाई परत येऊन मला म्हणाला, 'गुरुजी, त्या वाचत बसल्यात.' मी म्हणालो, 'वाचू देत, पण उद्या सकाळच्या आत सही आण.' त्या वेळी मला हे उदारपणाचं वाटलं होतं.

पहिला मोठा तंटा पाण्याचा. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. बारामतीचा ऊस त्यावर उभा राहिला. शेवटाच्या गावांना मात्र उरलंसुरलं. इंदापूर तालुक्यातल्या बावीस गावांच्या पाण्याचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत असतो, त्यावर मी नव्यानं काय लिहू? पण जे तालुक्यात चालतं तेच एका चारीवर चालतं. चारीच्या तोंडाशी असलेले हेडवाले पोटभर घेतात, टेलवाले आभाळाकडे आणि पाटकऱ्याकडे आलटून पालटून बघतात. नियमानं शेजपाळी टेलाकडून हेडाकडे यायला हवी. उन्हाळी आवर्तनात नियम पहिल्यांदा वाहून जातो. त्या वर्षी हेडाकडच्यांनी रात्री चारीत पाइप टाकले, टेलाकडच्यांनी ते फोडले, मग खोरी-काठ्या निघाल्या. तिघांची डोकी फुटली, दोन्हीकडून फिर्यादी पडल्या. गाव दोन फळ्यांत फाटलं. वरच्या वस्तीचं दूध खालच्या वस्तीतल्या डेअरीवर येईना. खालच्या वस्तीच्या बायका वरच्या गिरणीत दळण टाकीनात.

आम्ही पाच बैठका घेतल्या असतील. अखेर तोडगा माझाच. हेडवाल्यांनी दिवसा भिजवायचं, टेलवाल्यांनी रात्री. रात्री वर कुणी पाणी घ्यायचं नाही, म्हणजे शेवटपर्यंत दाबानं पोचेल. साधा, सरळ, गणितात बसणारा तोडगा. दोन्हीकडचे खातेदार बोलावले, नारळ फोडला, गळाभेट झाली, फिर्यादी मागं घ्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्या फोटोत बाई नाही, हे मला परवा तो फोटो पुन्हा बघताना दिसलं. तेव्हा आम्ही फक्त माझा फेटा वाकडा झालाय का, ते पाहिलं होतं.

टेलाला तीन घरं अशी होती की तिथली शेती बाई करत होती. एकीचा नवरा वारलेला, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर. एकीचा नवरा भिगवणच्या बाजूला कारखान्यात पाळीवर. एकीचा अंथरुणाला खिळलेला. बैठकीचा निरोप खातेदारांना गेला, आणि तिन्ही घरांत खातेदार पुरुष. एका घरातून दीर आला, एका घरातून कुणीच आलं नाही, तिसऱ्या घरचा म्हातारा सासरा आला आणि मान डोलावून गेला. रात्रीचं पाणी म्हणजे काय, हे त्यांतल्या कुणाला सांगावं लागणार नव्हतं. रात्रभर सरीसरीला दारं धरायची, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, पायाखाली चिखल आणि साप. पुरुषालाही नको वाटतं. बाईला त्यावर आणखी एक भीती असते, तिच्याविषयी कुणी पारावर बोलत नाही. आणि दुसऱ्या दिवशी 'ती रात्री शेतात असती' एवढं वाक्य गावात फिरायला पुरतं.

त्यांच्यापैकी एक मला रेशन दुकानापुढं भेटली. नवरा वारलेली. म्हणाली, 'गुरुजी, रात्रीचं पाणी कुणी ठरवलं?' मी म्हणालो, समितीनं. 'मग समितीतल्या कुणाला तरी एक रात धाडा की दारं धराया.' मी हसून वेळ मारून नेली. नंतर तिनं रोजानं गडी लावून पाहिला, परवडेना. दोन हंगामांनी तिनं ती जमीन वाट्यानं दिली, कुणाला, तर हेडाकडच्या ज्या माणसाशी भांडण झालं होतं त्यालाच. त्याच्याकडे माणसं होती, ट्रॅक्टर होता, रात्रीचं पाणी त्याला जड नव्हतं. म्हणजे ज्यानं पाइप टाकून पाणी पळवलं, त्याच्या हातात आम्ही तडजोडीनं टेलाची जमीनही दिली. तिच्या वाट्याचं निम्मं धान्यही पुढच्या वर्षी पुरतं आलं नाही. आमच्या वहीत हा तंटा 'मिटला' असाच आहे.

दुसरी चूक याहून मोठी, आणि तिच्याविषयी लिहायला मला अजून जड जातं. दोन भावांचं वाटप अडलं होतं. वडील वारल्यावर वारसनोंदीत तीन बहिणींची नावं लागली, त्यामुळे भावांना आपापसांत वाटणी करून घेता येईना. विहिरीवरून, आंब्याच्या झाडावरून, गोठ्याच्या भिंतीवरून रोज कुरबुर. दोघांच्याही बायकांचं बोलणं बंद. आम्ही मार्ग काढला: बहिणींनी हक्कसोड द्यावी, मग भावांनी गुंठ्यावर वाटून घ्यावं. नागपंचमीला तिघी माहेरी आल्या होत्या, दौंडकडून एक, फलटणकडून एक, धाकटी बारामतीतून. साडीचोळी झाली, पुरणपोळी झाली, आणि भावाच्याच गाडीतून त्यांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. मी बरोबर होतो. धाकटी गाडीत म्हणाली, 'सही करती, पण माझ्या वाटणीला काय आलं असतं, तेवढं तरी सांगा.' गाडीत कुणी बोललं नाही. मग मीच म्हणालो, 'ताई, जमिनीपेक्षा माहेर मोठं. माहेर तुटायला नको.'

हे वाक्य मी अध्यक्ष असताना किती बहिणींना ऐकवलं असेल, आठवणं नको वाटतं. माहेर कोण तोडणार होतं? सही केली नाही तर भाऊ तोडणार होते. म्हणजे धमकी भावांची, आणि ती मी प्रेमळ भाषेत पोचवत होतो.

महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती १९९४ साली आली, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण जाहीर झालं, आणि ते जाहीर करणारे मुख्यमंत्री आमच्याच बारामतीचे. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्याच मुलींना हा हक्क दिला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की तो हक्क जन्मानं मिळतो, २००५ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. यातलं २००५पर्यंतचं सगळं माझ्या काळात लागू होतं. तंटामुक्तीचा शासननिर्णय मला पाठ होता. हा कायदा मी उघडूनही पाहिला नव्हता. धोरण ज्या मातीत जन्मलं तिथं आम्ही ते असं पाळलं.

धाकटीच्या नवऱ्यानं पुढं तिला टाकलं. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली. भावांनी गोठ्यालगतची खोली दिली, वर्षभर बरं चाललं, मग थोरल्याची बायको म्हणायला लागली की हिचा इथं हक्क काय? कागदावर खरंच नव्हता. आम्हीच काढून घेतला होता. नोंदलेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर पुन्हा कोर्ट, तेही 'फसवून सही घेतली' असं सिद्ध करून. फसवलं होतं का? कागद वाचून दाखवला होता, साक्षीदार होते, मी एक साक्षीदार. कायद्याच्या भाषेत मी तिला फसवलं नाही. एवढंच मला त्या कागदात मिळालं. आज ती बारामतीत पोळ्या लाटण्याची कामं करते. भावाभावांत मात्र शांतता आहे; आमच्या समितीच्या यशस्वी प्रकरणांत ती कधीकाळी भाषणात सांगितली जायची.

तिसऱ्या प्रकारच्या चुका भराभर सांगतो. दारू पिऊन बायकोला मारणारे. आमच्या वहीत 'कौटुंबिक'. बाई पोलिसांत जायच्या बेतात असली की आम्ही मध्ये पडायचो, नवऱ्याला दम द्यायचो, त्याच्याकडून लिहून घ्यायचो आणि बाईला नांदायला पाठवायचो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी दिलेला असतो, तो कशासाठी, हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. गावाची अब्रू गावात राहिली पाहिजे, हे तत्त्व. तिच्या पाठीवरचे वळही मग गावातच राहिले.

आणि दारूचं दुकान. बायकांनी ते बंद करायचा अर्ज करायचं ठरवलं. उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान होतं ते: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मतं 'आडवी'ला, म्हणजे दुकान बंद करायला, पडली पाहिजेत. लक्षात घ्या, आलेल्या मतदारांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्या. जी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली तिचं मतही उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजलं जातं. तरी बायका उठल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. मूल्यमापन दोन महिन्यांवर आलं होतं, दुकानदार गावातला वजनदार, अर्जानं नवा तंटा उभा राहिला असता. 'पुढच्या वर्षी बघू,' मी म्हणालो. गावातल्या मारामाऱ्यांचं निम्मं मूळ ते दुकान होतं. मूळ मिटवायला निघालेल्या बायांना मी तंटा वाढवणाऱ्या ठरवलं. पुढच्या वर्षी त्या उठल्या नाहीत.

बक्षीस मिळालं. त्यातून ग्रामपंचायतीला रंग दिला.

हे सगळं उलटं फिरायला कारण झाली माझी पुतणी. पुण्यात समाजकार्य शिकत होती, तिला गावातल्या तंट्यांवर काहीतरी लिहून द्यायचं होतं. मी अभिमानानं जुन्या वह्या काढून दिल्या. दोन दिवस वाचून झाल्यावर ती म्हणाली, 'आण्णा, तडजोडनाम्यांवर बायकांच्या सह्या जवळपास फक्त हक्कसोडीतच आहेत. म्हणजे काहीतरी सोडायचं असलं की मग त्यांची सही लागते.' मी चिडलो. समितीच्या हजेरीवर त्यांच्या सह्या आहेत, असं म्हणालो. ती म्हणाली, त्या एकाच पेनानं आहेत. पेन शिपायाचं होतं.

तिनं मग मला जगाचं काही सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला, की युद्ध थांबवण्याच्या आणि नंतर शांतता उभारण्याच्या कामात बायकांना निर्णयाच्या जागी घ्या. त्याची गरज किती, हे सांगणारे आकडे असे: १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता वाटाघाटींत बोलणी करणाऱ्यांत बायका १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के, करारावर सही करणाऱ्यांतही ६ टक्के. लायबेरियात वर्षानुवर्षं यादवी चालली. २००३ साली घाना देशात अक्रा इथं बोलणी लांबत चालली, तेव्हा लायबेरियाच्या बायका सभागृहाच्या दाराशी बसकण मारून बसल्या, निकाल लागल्याशिवाय आतल्या पुरुषांना बाहेर पडू देणार नाही म्हणून. त्यांच्यातल्या लेमा बोवी यांना २०११चं नोबेल मिळालं. आणि शांतता टिकवायला आपल्या देशानं फक्त महिलांची पोलीस तुकडी लायबेरियात पाठवली, ती जगातली अशी पहिली तुकडी, साल २००७. मी बोटांवर हिशेब केला. ते साल आमच्या मोहिमेचं. सात समुद्रापार भारताच्या बायका बंदूक घेऊन शांतता राखत होत्या आणि इथं आमच्या पारावर त्यांना बसायला जागा नव्हती.

मला त्याहून जवळचं उदाहरण पटलं. सुरेश खोपडे, पोलीस अधिकारी, निवृत्तीनंतर २०१४ला बारामतीतूनच लोकसभेला उभे राहिलेले. १९८४च्या भीषण दंगलीनंतर भिवंडी पेटायचीच असं सगळे धरून चालायचे. खोपड्यांनी तिथं १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत त्यांनी दोन्हीकडचे पुढारी न घेता वस्तीतली साधी माणसं घेतली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळाली, भिवंडी जळाली नाही. त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. मी ते पूर्वीच वाचलं होतं, भाषणात वापरलंही होतं. तरी माझ्या समितीत पुढारी, पुढाऱ्यांचे भाऊ आणि मी. वाचून कळतं असं नाही.

मग मी चुका दुरुस्त करायला निघालो, आणि दुरुस्तीतही चुकलो. कायद्यानं नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. मी सरपंचांना भरीला घालून खरी सभा बोलावली. शाळेत, दुपारी. चांगल्या साठ-सत्तर बाया आल्या. आणि मी उभा राहून त्यांना अर्धा-पाऊण तास महिलांच्या सहभागाचं महत्त्व सांगितलं. १३२५ सांगितला, लायबेरिया सांगितला. मग चहा. मग चार वाजले, म्हशींच्या धारांची वेळ झाली, सभा उठली. एकाही बाईला बोलता आलं नाही. सरपंचबाई खुर्चीवर होत्या, त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान, प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर द्यायला तयार. पुतणी घरी आल्यावर म्हणाली, 'आण्णा, भाषण छान झालं.' मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पुढच्या खेपेला मी गेलोच नाही. बचत गटाच्या बाई, त्याच वही वाचणाऱ्या, त्यांनी महिन्याच्या हप्त्याच्या बैठकीतच विषय काढला. त्या वर्षी चारीवर पुन्हा धुसफूस सुरू होती, रात्रपाळीचा माझा तोडगा केव्हाच मोडला होता. बायांनी काय ठरवलं ते मला नंतर कळलं. टेलाकडच्या ज्या घरी पाणी धरायला पुरुष नाही, त्यांची पाळी आवर्तनाच्या पहिल्या दिवशी, उजेडात. त्याच्या बदल्यात त्या घरांनी आवर्तनाआधी चारीचा शेवटचा टप्पा स्वच्छ करून द्यायचा आणि पाणीपट्टी आगाऊ भरायची. ही अट टेलाच्या बायांनीच घातली. फुकटचं घेतलं की पुढच्या वर्षी बोलणी बसतात, म्हणाल्या. आणि हेडाकडचं कोण पाइप टाकणार याचा बंदोबस्त? तो सगळ्यात सोपा निघाला. मध्यरात्री खोरं घेऊन घराबाहेर कोण पडतो, हे पोलीस पाटलाला ठाऊक नसतं, बायकोला असतं. वरच्या वस्तीच्या चार बाया त्या बैठकीत होत्या. त्यांनी आपापल्या घरी काय सांगितलं, मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात पाइप पडले नाहीत.

हा तोडगा मला पाच बैठकांत सुचला नव्हता, कारण त्या तीन घरांत शेती कोण करतं, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. तो दोन उन्हाळे टिकला. तिसऱ्या वर्षी उन्हाळी आवर्तनच मिळालं नाही, मग काय वाटून घेणार? पण जमीन वाट्यानं दिलेली ती बाई मधल्या काळात आपली जमीन परत कसायला लागली होती, आणि अजून कसते.

एक गोष्ट इथं मोकळेपणानं सांगितली पाहिजे. बाया आल्या की सगळं गोड होतं, असं नाही. वरच्या आणि खालच्या वस्तीच्या बायांत त्याच बैठकीत कडाडून भांडण झालं. एकीनं दुसरीच्या सात पिढ्या काढल्या. खालच्या अंगाच्या दलित वस्तीतल्या बायांना आधी कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या एका बाईनं येऊन विचारलं, 'आमची जमीन नाही म्हणून आमचं पाणी नाही का?' चारीच्या कडेच्या हौदावर त्यांची गुरं पाणी पितात, हे वरच्या-खालच्या दोघींनाही सुचलं नव्हतं. मी ज्या बायांना विसरलो, त्या बायांनीही कुणालातरी विसरलेलं होतं. फरक एवढाच, की त्यांची बैठक अशा जागी होती, जिथं ही बाई आत येऊन विचारू शकली. पारावर ती आली नसती.

आमच्या बारामती मतदारसंघात २०२४च्या लोकसभेला दोन्ही मुख्य उमेदवार बायकाच होत्या. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या. एवढं असून गावात भांडण झालं की आजही निरोप पुरुषांनाच जातो. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, तिचे फोटो दरवर्षी पेपरात बघा आणि बायका मोजा. मिरवणुकीवरून दोन गटांत दगड पडला तर दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं पाठवायची की नाही, हे ठरवणारी बाई त्या फोटोत नसते.

हे वाचणाऱ्यांत कुणी गावच्या समितीत असाल, तर माझं ऐका. बैठक देवळापुढून हलवा आणि दिवसा घ्या. निरोप खातेदाराला न देता, ती शेती ज्याच्या हातानं चालते त्याला द्या. तडजोड लिहायच्या आधी एकच विचारा: हे रोज पाळायला कुणाला लागणार आहे? त्या माणसाची, बहुतेक वेळा त्या बाईची, हरकत आधी ऐका, मग नारळ फोडा. मारहाणीच्या तंट्यात समितीनं पडू नये. बाईला संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता द्यावा आणि बाजूला व्हावं. आणि बहिणीची हक्कसोड घ्यायचीच असेल, तर तिला सणाच्या दिवशी, भावाच्या गाडीतून नेऊ नका. आधी सातबारा तिच्या हातात द्या, तिचा वाटा एकर-गुंठ्यांत सांगा, आजचा भाव सांगा, आणि महिनाभर विचार करू द्या. त्यानंतरही ती सोडत असेल तर तिची मर्जी.

तिला वकिलाचा सल्ला परवडणार नाही, असंही म्हणू नका. बारामती आणि इंदापूर, दोन्ही न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १९८७च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मिळतो.